जपानमध्ये व्हीगन रामेन: कोठे खावे, काय विचारावे आणि वाडग्यात नेमके काय असते

निशिकासाईकर

जपान पाहायला येणाऱ्या शाकाहारी मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: रामेन, म्हणजे गरम रश्श्यातल्या जपानी शेवया, खायचे आहे, पण मांस नको, तर कोठे जावे? यातली मेख अशी की वर मांडलेले डुकराच्या मांसाचे काप आणि अर्धे अंडे नको म्हणून सांगणे सोपे असते. मांसाहार मुख्यतः खालच्या रश्श्यात असतो आणि तो बाजूला काढून ठेवता येत नाही. तोन्कोत्सु प्रकारात डुकराची हाडे कित्येक तास खळखळून उकळतात, त्यामुळे मज्जा, चरबी आणि हाडांतला चिकट अंश पाण्यात मिसळून रस्सा पांढरट आणि दाट होतो. सोया सॉसच्या पातळ, तपकिरी रामेनमध्ये बहुधा कोंबडीची हाडे असतात आणि त्यांच्या जोडीला वाळवलेली छोटी मासळी किंवा कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे. मिसो रामेन दिसायला सोवळे वाटते, परंतु मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, ज्या पाण्यात कालवतात ते पाणी बहुतेक ठिकाणी हाडांचेच असते. यासाई रामेन, म्हणजे भाज्यांचे रामेन, हे नाव वाचून आत शिरणाऱ्यांचीही हीच पंचाईत होते. भाज्या वर असतात, खाली तोच रस्सा.

म्हणून ज्या दुकानाच्या स्वयंपाकघरात मांस, मासळी, अंडी आणि दूध शिरतच नाही, अशाच, म्हणजे पूर्ण व्हीगन, दुकानात पहिला वाडगा खावा, असे मी प्रत्येकाला सांगते. मिश्र दुकानांतले व्हीगन पदार्थ नंतर आहेतच. पहिल्याच खेपेला चौकशी, शंका आणि खाणाखुणा यांत जीव अर्धा झाला, तर समोर आलेल्या वाडग्याची चव लागत नाही.

टोकियोत असे सर्वांत सोयीचे दुकान म्हणजे टोकियो स्थानकातले टीज तानतान. जियुगाओका भागात २००९ मध्ये सुरू झालेल्या टीज रेस्टॉरंटची ही रामेनची शाखा असून स्थानकातले दुकान २०११ पासून आहे. उएनो स्थानकातही त्यांचे दुकान आहे. टोकियो स्थानकातले दुकान तिकिटाच्या फाटकांच्या आत, केइयो स्ट्रीट नावाच्या दुकानांच्या रांगेत आहे, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण बाहेरच्या बाजूने कितीही प्रदक्षिणा घातल्या तरी ते सापडत नाही. तुम्ही रेल्वेनेच येणार असाल, तर उतरल्यावर फाटकातून बाहेर न पडता याएसु दक्षिण दाराच्या दिशेने चालावे आणि केइयो मार्गाच्या लाल पाट्या पकडाव्यात. फक्त जेवायलाच आत जायचे असेल, तर दोन तास चालणारे प्रवेश तिकीट घ्यावे, किंवा सुइका हे रेल्वेचे आगाऊ पैसे भरलेले कार्ड टेकवून आत जाऊन त्याच स्थानकातून बाहेर पडावे. २०२१ पासून कार्डावर ही सोय आहे आणि तेवढेच पैसे कापले जातात.

तेथील मुख्य पदार्थ तानतानमेन. वाडगा समोर येतो तेव्हा वर लाल तिखट तेलाची नक्षी तरंगत असते, मध्यभागी सोयाच्या खिम्याचा ढीग असतो आणि बाजूला वाफवलेली हिरवी पालेभाजी. खालचा रस्सा तीळ आणि शेंगदाणे यांचा, बदामी रंगाचा. पहिला चमचा लाल तेल न ढवळता घ्यावा, म्हणजे तिळाची चव स्वच्छ कळते. मग खालपासून ढवळून शेवया उचलाव्यात. शेवया बारीक असल्यामुळे रस्सा त्यांना धरून वर येतो आणि शेवटी वाडग्याच्या तळाशी खिम्याचे कण आणि तिळाचा गाळ उरतो, तो काढण्यासाठी चिनी मातीचा खोलगट चमचा दिलेला असतो. आपल्याकडे दाण्याची आमटी ज्याला आवडते त्याला हा रस्सा परका वाटणार नाही, एवढे मी खात्रीने सांगते. काळ्या तिळाचाही एक प्रकार आहे, तो अधिक उग्र आणि किंचित कडवट असतो. पहिल्या भेटीत पांढऱ्या किंवा सोनेरी तिळाचा घ्यावा. एका वाडग्याला साधारण हजार येन पडतात, म्हणजे स्थानकातल्या इतर रामेनएवढेच.

व्हीगन दुकानाने तानतानमेनच का निवडावे, याचेही कारण आहे. मूळ दान-दान शेवया चीनच्या सिच्वान प्रांतातल्या, तेथे त्या बहुधा कोरड्या मसाल्यात घोळवून खातात. १९५२ मध्ये जपानला आलेले स्वयंपाकी चेन केन्मिन यांनी जपानी लोकांच्या जिभेला मानवेल अशी, तिखट कमी करून आणि तिळाचा भरपूर रस्सा घालून, त्यांची जपानी आवृत्ती रूढ केली. रामेनच्या रश्श्याला जो दाटपणा लागतो तो हाडांच्या रामेनमध्ये चरबी आणि जिलेटिन यांच्यामुळे येतो. येथे तो तिळाच्या तेलामुळे आणि वाटलेल्या गरामुळे येतो. म्हणजे हाडे काढून टाकल्यावर उरलेली पोकळी भरत बसावे लागत नाही, कारण या पदार्थाचा कणाच तीळ आहे. कोणत्याही व्हीगन रामेनच्या दुकानात गेल्यावर मी हेच पाहते की रश्श्याला अंग कशामुळे आले आहे. तीळ, सोयाचे दूध, मिसो, काजू यांपैकी काही नसेल आणि नुसता भाज्यांचा अर्क असेल, तर शेवया वेगळ्या आणि पाणी वेगळे लागते.

मंडळींनी आपापल्या ओळखीच्या जागा, विशेषतः टोकियोबाहेरच्या, येथे लिहाव्यात. शंका असल्यास अवश्य विचाराव्यात.

ताकभात

लेख आवडला, पण मूळ कल्पनेविषयीच माझा आक्षेप आहे. मी सर्व काही खातो आणि कामानिमित्त फुकुओकाला राहिलो आहे. रामेन म्हणजे हाडांचा रस्सा, अशी माझी धारणा आहे. तो नसेल तर त्या पदार्थाला शेवयांचे सूप म्हणावे. रामेन म्हणून विकण्यात काय अर्थ आहे? सोयाचा खिमा, सोयाचे तळलेले ‘चिकन’ हे सारे मला मांसाहाराची नक्कल वाटते. ज्याला मांस नको त्याला मांसाची आठवण तरी कशाला हवी?

अर्धविराम

ताकभात, फुकुओकाला राहिलेल्या माणसाला तोन्कोत्सु हेच मूळ रामेन वाटणे स्वाभाविक आहे, परंतु इतिहास तसे सांगत नाही. टोकियोच्या असाकुसा भागातले राईराईकेन हे दुकान १९१० मध्ये सुरू झाले आणि तेथून हा पदार्थ सामान्य जपानी माणसापर्यंत पोहोचू लागला. तो रस्सा सोया सॉसचा होता. क्युशू बेटावरच्या कुरुमे शहरात डुकराच्या हाडांचे रामेन १९३७ मध्ये आले, आणि साप्पोरोचे मिसो रामेन तर युद्धानंतरचे, १९५० च्या दशकातले. प्रत्येक वेळी कोणीतरी हातातल्या सामग्रीवर नवा रस्सा बसवला आणि लोकांनी त्यालाही रामेनच म्हटले. मग तिळाच्या रश्श्यावरच आडकाठी का असावी?

रामेन बनवणारे लोक स्वतः या पदार्थाचे पाच भाग मानतात: दाशी म्हणजे मूळ अर्क, तारे म्हणजे वाडग्याच्या तळाशी घालायचे खारट, दाट मिश्रण, सुगंधी तेल, शेवया आणि वरची सजावट. या पाचांत हाडे अनिवार्य आहेत असे कोठेही नाही. आता चवीचे पाहू. टोकियो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबु या समुद्री वनस्पतीच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीमध्ये इनोसिनेट सापडले. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटचे काम पुढे आणले. तेच वाळवलेल्या शिताके अळंब्यात असते. त्यांनी हेही दाखवले की ग्लुटामेटच्या जोडीला यांपैकी दुसरा घटक आला की चव नुसती बेरीज न होता कित्येक पटींनी वाढते. कोंबु आणि बोनिटो ही जोडी मासळीवाल्यांची, तर कोंबु आणि शिताके ही जोडी बौद्ध मठांची. तेव्हा व्हीगन स्वयंपाक्याच्या हाती उमामीचे दोन्ही खांब आधीपासूनच असतात.

तुमच्या आक्षेपातला एक भाग मात्र मला पटतो. हाडांतल्या जिलेटिनमुळे ओठ एकमेकांना किंचित चिकटतात, तो स्पर्श वनस्पतींपासून सहजी मिळत नाही. म्हणून पारदर्शक, पातळ व्हीगन रामेन जमवणे सर्वांत अवघड. दाट प्रकारांत तीळ आणि सोया ती उणीव झाकून नेतात.

निशिकासाईकर

अर्धविराम यांनी माझे काम हलके केले. ताकभात, नक्कलेविषयी एवढेच म्हणते की सोयाचा खिमा मी त्याला मांस समजून खात नाही; तिखट तेल शोषून घेणारा, दाताखाली किंचित टिकणारा पदार्थ म्हणून खाते. त्याजागी कुस्करलेला टोफू घातला तर तो रश्श्यात विरघळून जातो. बाकी ज्यांना नकोच आहे त्यांनी वर फक्त भाज्या असलेला प्रकार मागवावा.

कुंदकळी

माझे सासूसासरे पुढच्या वसंतात येथे येणार आहेत. दोघेही अंडेसुद्धा खात नाहीत. रामेनच्या शेवया इतक्या पिवळ्या असतात की त्यांत अंडे असलेच पाहिजे, असे सासूबाईंचे छायाचित्र पाहूनच ठाम मत झाले आहे. त्यांची समजूत कशी घालावी?

अर्धविराम

पिवळा रंग हा अंड्याचा पुरावा नव्हे. रामेनच्या पिठात कान्सुइ घालतात, म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांसारखे क्षार. अशा क्षारात मैद्यातली मुळची रंगद्रव्ये पिवळी पडतात, शेवयांना तो विशिष्ट वास येतो आणि ग्लुटेन घट्ट झाल्यामुळे त्या गरम रश्श्यात लगेच लिबलिबीत होत नाहीत. पापडखार हा याच क्षारांच्या कुळातला. सासूबाईंनी उडदाचे पापड लाटलेले असतील, तर पीठ खारामुळे कसे पालटते ते त्यांना ठाऊकच असेल आणि तुमचे अर्धे काम तेथेच होईल.

तरीही सरसकट निर्धास्त राहू नये. काही दुकाने शेवयांत अंडे किंवा अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी घालतात, आणि ते नुसते पाहून कळत नाही. मिश्र दुकानात रस्सा व्हीगन आणि शेवया नेहमीच्या असेही होऊ शकते, म्हणून दोन्हींची चौकशी वेगवेगळी करावी. आफुरी या साखळीचे उदाहरण देतो: तेथील नेहमीचा युझूचा, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका जपानी फळाचा, रस्सा कोंबडीवर आधारलेला असतो, पण त्यांच्या व्हीगन रामेनला रस्सा निराळा आणि शेवयाही निराळ्या, कमळाच्या कंदाची पूड मळलेल्या असतात. म्हणजे तेथे सवयीने दुसऱ्या शेवया बदलून मागू नयेत.

सह्यकडा

चौकशीचा विषय निघालाच आहे म्हणून माझा अनुभव लिहितो. एका लहान शहरातल्या, नाव न घेता सांगतो, दुकानात मी ‘निकु नाशी’, म्हणजे मांस नको, असे स्पष्ट सांगितले. दुकानदार अतिशय सज्जन. त्याने मान हलवली, काप काढले, त्याऐवजी बांबूचे कोंब जास्त घातले. अर्धा वाडगा संपल्यावर तळाशी तपकिरी, खरखरीत भुकटी दिसली. ती वाळवलेल्या मासळीची होती. त्याने मला फसवले असे मी अजिबात म्हणणार नाही. त्याच्या हिशेबी मासळी हे मांस नव्हतेच आणि दाशीला तर तो पाणीच समजत होता.

यानंतर अॅलर्जीच्या तक्त्यावर भरवसा ठेवावा, असे मला वाटले होते. त्या तक्त्यातही एक गोम आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. जपानमध्ये अंडी, दूध, कोळंबी, खेकडा यांसारख्या घटकांची नोंद पाकिटबंद पदार्थांवर सक्तीची आहे. डुकराचे मांस, कोंबडी, गोमांस, जिलेटिन, सामन आणि मॅकरेल यांची नोंद ऐच्छिक यादीत येते. बोनिटो मात्र या दोन्ही याद्यांत नाही. तेव्हा तक्त्यातले सर्व रकाने कोरे असले तरी पदार्थात कात्सुओबुशी असू शकते. पाकिटावर घटकांची संपूर्ण यादी असते, तेथे ती सापडेल. उपाहारगृहाच्या तक्त्यात सापडणार नाही.

म्हणून आता मी मांसाचे नावच काढत नाही. ‘कात्सुओ-दाशी हाइत्तेइमास का’, म्हणजे बोनिटोची दाशी घातली आहे का, असे थेट विचारतो. त्यापुढे ‘तोरि-गारा’, म्हणजे कोंबडीची हाडे, यांविषयी तोच प्रश्न. हे दोन प्रश्न विचारल्यावर स्वयंपाकी विचारात पडतो आणि आत जाऊन डबा पाहून येतो. तो न पाहता लगेच ‘चालेल’ म्हणाला, तर मी आभार मानून उठतो.

निशिकासाईकर

सह्यकडा, ही माहिती प्रत्येक पर्यटकाने लिहून ठेवण्यासारखी आहे. त्यात एक भर घालते. जपानच्या कृषी मंत्रालयाने २०२२ मध्ये शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांसाठी, तसेच ते देणाऱ्या उपाहारगृहांसाठीही, जास या राष्ट्रीय प्रमाणपद्धतीखाली मानके आणली. ती ऐच्छिक आहेत, त्यामुळे कोपऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात तो शिक्का दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. तोपर्यंत तुमचे दोन प्रश्न हाच उपाय.

मिश्र दुकानांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शेवया उकळण्याचे पातेले आणि तळणीचे तेल बहुधा एकच असते. ज्यांना हे चालते त्यांच्यासाठी प्रश्नच नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना चालणार नसेल तर तसे आधीच मान्य करून पूर्ण व्हीगन दुकानच गाठावे. तेथे बसून ‘चालवून घ्या हो’ असे त्यांना सांगत राहणे मला प्रशस्त वाटत नाही.

गवतीचहा

आमचे कुटुंब जैन आहे, मूळ सांगलीचे. आईला कांदा, लसूण, बटाटा काहीच चालत नाही. टीज तानतानसारख्या ठिकाणी तिला काही मिळेल का, की व्हीगन रामेनचा विचारच सोडून द्यावा?

भटकभवानी

गवतीचहा ताई, व्हीगन म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य असे नाही. रामेनच्या सुगंधी तेलाचा पाया बहुतेक ठिकाणी लसूण, आले आणि कांद्याची पात हाच असतो, त्यामुळे कोठेही गृहीत धरू नये.

पण जपानमध्ये यासाठीही शब्द आहे, आणि तो ऐकला की जाणत्या स्वयंपाक्याला तुमची अडचण चटकन कळते: गोकुन. बौद्ध मठांच्या शोजिन स्वयंपाकात ज्या पाच उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य आहेत, त्यांचे हे नाव. त्यांत लसूण, कांदा, पात यांचा समावेश होतो. जियुगाओकातले साइदो हे व्हीगन उपाहारगृह गोकुन न वापरता स्वयंपाक करते आणि तेथे रामेनही मिळते. हॅपीकाउ या व्हीगन लोकांच्या संकेतस्थळाने २०१९ मध्ये त्याला जगातल्या व्हीगन उपाहारगृहांत पहिले स्थान दिले होते, त्यामुळे आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नये. आधी आरक्षण करावे आणि त्याच वेळी बटाट्यासह सर्व कंदमुळांचे लिहून कळवावे. गोकुनमध्ये बटाटा, गाजर, मुळा येत नाहीत, आणि कमळाचा कंद तर जपानी स्वयंपाकात पदोपदी असतो. जैन आहाराची ही बाजू तेथील लोकांना आपणहून सुचणार नाही.

क्योतोविषयी धाग्यात कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. तेथील व्हीगन रामेन उझु हे दुकान २०२० मध्ये सुरू झाले. आत टीमलॅब या कलासमूहाची प्रकाशकृती आहे. खोली जवळजवळ काळोखी, टेबल काळेभोर आणि समोर प्रकाशाच्या रेषा फिरत असतात. वाडग्याची किंमत नेहमीच्या रामेनपेक्षा बरीच जास्त आहे. ज्यांना भूक भागवून पुढच्या देवळाकडे निघायचे आहे त्यांच्यासाठी ती जागा नाही. ज्यांना संध्याकाळ निवांत घालवायची आहे त्यांनी जरूर जावे. त्याच मंडळींचे टोकियोतले दुकान तोयोसुच्या टीमलॅब प्लॅनेट्स या प्रदर्शनापाशी आहे, त्यामुळे प्रदर्शन पाहून लगेच जेवता येते.

अर्धविराम

शोजिनचा उल्लेख झाला म्हणून थोडे अवांतर करतो, पण ते अगदीच अवांतर नाही. वाकायामा प्रांतातल्या कोयासान येथील मठांत मुक्काम केला की शोजिन जेवण मिळते. तेथे रामेन नसते, परंतु व्हीगन रामेनची दाशी जेथून आली ती चव तेथे मूळ रूपात कळते: कोंबु, शिताके, आणि त्या अर्कात मुरलेला कोयादोफु, म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू. टोफूचा तो तुकडा दाताखाली दाबला की सगळी दाशी एकदम तोंडात येते. मराठी माणसाला कोयासानला जाण्याचे आणखी एक कारण आहे. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. ओसाकाहून एका दिवसात जाऊन परतता येते, पण मठातले जेवण मुक्कामी पाहुण्यांना रात्री आणि सकाळी मिळते, म्हणून राहण्याच्या बेतानेच जावे.

कुंदकळी

अर्धविराम आणि निशिकासाईकर, दोघांचेही आभार. पापडखाराचा दाखला लागू पडला. आता सासूबाईंचे म्हणणे असे की एवढे सगळे समजले आहे, तर मग पुण्यातच करून पाहू. घरी करता येण्यासारखे आहे का?

निशिकासाईकर

अगदी आरामात करता येईल, फक्त आदल्या रात्रीपासून तयारी करावी लागेल. कोंबु आणि वाळवलेले शिताके पुण्या-मुंबईत आशियाई किराणा ठेवणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबु आणि पाच-सहा शिताके घालून भांडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. शिताके गरम पाण्यात घाईघाईने भिजवू नयेत. थंड पाण्यात सावकाश फुगवून नंतर तापवले की त्यांतले ग्वानिलेट चांगले उतरते. सकाळी भांडे मंद आचेवर ठेवावे आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की उकळी येण्यापूर्वी कोंबु बाहेर काढावा. तो उकळला की पाणी बुळबुळीत होते आणि वासही बिघडतो. शिताके आणखी दहा मिनिटे राहू द्यावेत, मग तेच चिरून वर घालावेत.

तारेसाठी भाजलेले पांढरे तीळ आणि थोडे भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटावेत आणि त्यांत सोया सॉस, थोडा मिसो, चमचाभर व्हिनेगर आणि चवीपुरती साखर घालावी. हे मिश्रण वाडग्याच्या तळाशी घालून त्यावर गरम दाशी ओतावी. सगळे एकत्र करून पातेल्यात उकळत ठेवले की तेल सुटून वर येते आणि रस्सा फुटल्यासारखा दिसतो. बिनसाखरेचे सोयाचे दूध घालायचे असेल तर ते दाशीत शेवटी घालून नुसते गरम करावे. तिखट तेलासाठी तिळाचे तेल तापवून, जरा निवू देऊन, लाल तिखटावर ओतावे. ब्याडगी घेतली तर रंग सुरेख येतो.

शेवयांसाठी बिनअंड्याचे नूडल्स घेतले तरी चालतात. रामेनचा खरा चिवटपणा हवा असेल तर बारीक स्पॅगेटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकडावी, एक लिटरला साधारण एक मोठा चमचा. पाणी फसफसून वर येते, म्हणून पातेले मोठे घ्यावे आणि या पाण्यात मीठ घालू नये. सोड्यामुळे तोच क्षाराचा परिणाम साधतो, रंगही किंचित पिवळा होतो.

ताकभात

मघाशी मी आक्षेप घेतला होता, तो तत्त्वतः कायम आहे. परंतु एक व्यावहारिक प्रश्न विचारतो, कारण पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर दोन शाकाहारी सहकारी टोकियोला येत आहेत. मांस खाणारा माणूस अशा दुकानात गेला तर उपाशी उठेल का? आणि एकच वाडगा दोघांनी वाटून घेतला तर चालतो का?

भटकभवानी

उपाशी उठणार नाही. तिळाचा रस्सा जड असतो, शिवाय गयोझा, म्हणजे भाज्यांचे सारण भरलेल्या तळणीवरच्या करंज्या, किंवा सोयाचे तळलेले तुकडे जोडीला घेता येतात. टीजमध्ये रांगेत उभे राहणाऱ्यांत जपानी लोकही पुष्कळ असतात आणि त्यांतले सगळे काही शाकाहारी नसतात.

वाटून खाण्याचे मात्र टाळावे. रामेनच्या दुकानात प्रत्येकाने निदान एक वाडगा मागवावा अशी रीत आहे, आणि जागा मोजक्याच असल्यामुळे तिला कारणही आहे. लहान मुलांसाठी रिकामी वाटी मागितली तर आनंदाने देतात. शेवया फुगण्यापूर्वी खाव्यात, फुर्र आवाज झाला तर कोणी वळून पाहत नाही, गप्पा मात्र बाहेर पडल्यावर माराव्यात. रस्सा खारट असतो, तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवलाच पाहिजे असे नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी खुशाल ठेवून द्यावा. बक्षिसी ठेवू नये, ती परत करायला माणूस मागे धावत येतो.

निशिकासाईकर

ताकभात, सहकाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर दुपारी बारा ते दीड ही वेळ टाळा, कारण त्या वेळी स्थानकातली नोकरदार मंडळी रांगेत असतात. मोठ्या पेट्या बरोबर असतील तर त्या आधी लॉकरमध्ये ठेवा, दुकानात त्यांना जागा नसते. कुंदकळी, तुमचे सासूसासरे डिस्नेलँडला जाणार असतील तर मुद्दाम वाकडी वाट करण्याचे कारणच नाही; डिस्नेलँडच्या माइहामा स्थानकाला जाणारी गाडी केइयो मार्गावरचीच आहे आणि तिच्या फलाटाकडे जाताना हे दुकान वाटेतच लागते. परतताना मात्र तेथे गर्दी असते, म्हणून जातानाच, दुकान उघडल्या-उघडल्या खाऊन घ्यावे.